वहिनी, दुलारिनला आपण फाटकाबाहेर उभं केलं

वहिनी, तुझ्या शोकसभेतून मी मधेच उठून आले.

तिथे तुझ्या लेकाच्या, नितीनच्या, लग्नातला तुझा फोटो ठेवला होता. जरीची साडी, मोठं कुंकू, ओठ मिटलेले. त्या फोटोतली बाई कोणाशी भांडेल असं वाटतच नाही. एकेक जण उठून बोलत होता. कोणी म्हणालं प्रेमळ, कोणी म्हणालं सोशिक. मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मंदाताईंनी कधी कोणाचं मन दुखावलं नाही." याच बाईंच्या घरी हळदीकुंकवाला तू सगळ्यांसमोर विचारलं होतंस, की सुनेच्या डोळ्याखाली काळं कशानं झालं. त्यानंतर तीन महिने त्या तुझ्याशी बोलल्या नव्हत्या.

शेवटी दादा उभा राहिला. म्हणाला, "माझ्या पत्नीनं आयुष्य समाजसेवेला वाहिलं. तिच्यासाठी लहान-मोठं, आपलं-परकं असं काही नव्हतं."

लोकांनी माना डोलावल्या. मी उठले. चपला कुठे काढल्या होत्या तेही मला दिसेना, दुसऱ्याच कोणाच्या तरी पायात घालून रिक्षात बसले. तू गेलीस त्या सकाळी याच माणसानं फाटकावर काय केलं, ते त्या हॉलमधल्या फार थोड्यांना माहीत होतं. ज्यांना माहीत होतं ते माना डोलावत होते. मला माहीत होतं, आणि मी त्या सकाळी तोंड उघडलं नव्हतं. म्हणून हे तुला लिहून राहिले आहे. दुसऱ्या कोणाला लिहू?

तू या घरात कधी कोणाचंच ऐकलं नाहीस, असं दादा म्हणायचा. मी सासर सोडून आले तेव्हा आईलाही वाटत होतं की मी परत जावं. तू विचारलं नाहीस, की शोभा, किती दिवस राहणार. तू म्हणालीस, "मागची खोली अंधारी आहे, तू समोरची घे." बस. माझ्या पाठीवर काय होतं ते तू मला आंघोळीला पाणी देताना पाहिलंस आणि त्याबद्दल चार वर्षं एक शब्द काढला नाहीस. मग एक दिवस म्हणालीस, "तुले ऑफिसात टायपिंग येते ना? मले अर्ज टाइप करून पाहिजे." माझी नोकरी, माझी खोली आणि माझं टायपिंग, यातून मी तुझ्या कामात ओढली गेले. मला तेव्हा ते काम आवडत होतं असं नाही. तुझं ऋण होतं म्हणून करत होते. हेही तुला कधी सांगितलं नव्हतं.

नवं राज्य झालं तेव्हा रायपूरला एकदम राजधानीचा ताप चढला होता. रस्ते खोदलेले, बंगल्यांवर नव्या पाट्या, माझ्या ऑफिसात भोपाळहून आलेले फायलींचे गठ्ठे. त्याच दिवसांत तुम्ही सात-आठ जणींनी गुढियारीत सायकलच्या दुकानावरची एक खोली घेतली. बाहेर पाटी लावली नाही. बाई जिना चढताना दिसली आणि पाटी वाचणारा तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा निघाला, तर घरी जाऊन अजून मार पडेल, असं तू म्हणालीस. मालधक्क्यावर काम करणाऱ्या बाया यायच्या, रेल्वे क्वार्टरमधल्या यायच्या, आणि आपल्या चौबे कॉलनीतल्याही यायच्या. कॉलनीतल्या डोक्यावरून पदर घेऊन यायच्या. तू म्हणायचीस, "मार सगळीकडे सारखाच बसते, फक्त आपल्या इकडे खिडक्या लावून घेतात."

दुलारिनचा निरोप एका शाळेच्या बाईंनी पाठवला. अभनपूरच्या पुढे, बस बदलून जावं लागतं असं गाव. नाव लिहीत नाही, तूच तसं शिकवलंस. रविवार होता म्हणून मीही आले. ती शाळेच्या व्हरांड्यात बसली होती. केस कात्रीनं कसेही कापलेले, एक डोळा सुजून बंद. तिच्या शेजारघरी एक लेकरू तापानं गेलं होतं. गावच्या बैगानं, म्हणजे झाडफूक करणाऱ्यानं, सांगितलं की कोणाची तरी नजर आहे. दुलारिनच्या मेलेल्या नवऱ्याच्या मोठ्या भावानं, तिच्या जेठानं, तिचं नाव घेतलं. टोनही, म्हणजे आपल्याकडे चेटकीण म्हणतात ती. मग तिला घरातून ओढून पाण्याच्या टाकीजवळ आणलं, आणि अख्ख्या पाऱ्यानं, म्हणजे वस्तीनं, उभं राहून पाहिलं.

ती तुला एवढंच म्हणाली, "मैं टोनही नोहंव, दीदी."

तू म्हणालीस, "मला माहीत आहे." मराठीत म्हणालीस, गडबडीत. तिला कळलं.

ठाण्यातला तो दिवस मला पाठ आहे. ठाणेदार म्हणाला, "मॅडम, गाँव का मामला है. दोनों पार्टी को बिठाकर समझौता करा देते हैं."

"दोन पार्टी कौनसी?" तू विचारलंस. "एक तरफ पूरा गाँव है. दूसरी तरफ ये अकेली औरत. इसको पार्टी बोलते हैं?"

"आप लोग रायपुर से आते हो, चले जाते हो. बाद में संभालना हमको पड़ता है."

"आज नहीं जाते," तू म्हणालीस आणि बाकावर बसून डबा उघडलास. दुलारिनला पोळी दिलीस, मला दिलीस, ठाणेदारालाही विचारलंस. दुपार कलली तरी आपण तिथेच. मग तू पर्समधून टोनहीच्या कायद्याची घडी केलेली प्रत काढून त्याच्या टेबलावर ठेवलीस. राज्यानं केलेला कायदा तो माणूस पहिल्यांदा वाचत असल्यासारखा ओठ हलवत वाचत होता. चार वाजता त्यानं रिपोर्ट लिहून घेतली. बाहेर आल्यावर तुला पर्सची चेन लावता येईना, मी लावून दिली. तू मला म्हणालीस, "कोणाले सांगू नको."

आपलं भांडण त्याच आठवड्यात सुरू झालं. मी वरच्या साहेबांकडे पाठवायचा अर्ज टाइप करत होते. लिहिलं, की गावकऱ्यांनी अंधविश्वासापोटी हे केलं. तू माझ्या मागे उभी होतीस.

"ते खोड," तू म्हणालीस.

"काहून?"

"अंधविश्वास म्हटलं की सगळे सुटतात. बिचारे अडाणी म्हणून. त्या जेठाले चांगलं माहीत आहे ती टोनही नाही. त्याले तिचं दीड एकर पाहिजे. लिही, जमीन हडपण्यासाठी."

"आणि बाकीचे पन्नास लोक? त्यांले कोणती जमीन मिळणार होती? ते भ्यायले होते, वहिनी."

"भीती गिती काही नाही. सोंग आहे ते."

मी खोडलं, कारण काम तुझं होतं. पण वाद मिटला नाही. भाजी निवडताना, बसमध्ये, तुझ्या दवाखान्याच्या रांगेतसुद्धा आपण त्यावर भांडलो. तू म्हणायचीस की भीती मान्य केली तर ती माफी होते. मी म्हणायची की मान्यच केली नाही तर तिच्याशी लढशील कशी. एकदा तू चिडून म्हणालीस, "खेड्यातले भितात म्हणून तू म्हणतेस. आपल्या घरात कोण भिते सांग मले." मला उत्तर माहीत होतं.

दुसरं भांडण तिच्या घराचं. मी म्हणत होते की तिला रायपूरला आणू, कुठेतरी धुण्या-भांड्याचं काम लावून देऊ, जीव तर वाचेल. तू तिला विचारलंस. ती म्हणाली, "मोर घर ए. मैं काबर छोडहूं?"

"ऐकलं?" तू मला म्हणालीस. "तिनं काहून सोडावं? सोडायचं असेल तर त्यांनी सोडावं."

"तू जाशील येशील म्हणून ती वाचेल. तू नसशील तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा."

वहिनी, या तुझ्या 'तेव्हाचं तेव्हा'चा मला इतका राग आहे, की तुझ्या फोटोसमोर उभं राहून मी तो हळू आवाजात काढला आहे. नितीननं ऐकलं. त्याला वाटलं मी तुझ्यासाठी रडून राहिली.

पण तू तिच्या गावी गेलीस. दर बुधवारी गेलीस, कारण बुधवारी तिथे बाजार भरतो आणि सगळा गाव रस्त्यावर असतो. तुझं काम एवढंच, की तिच्या परछीत, त्या समोरच्या पडवीत, रस्त्याकडे तोंड करून बसायचं आणि तिच्या हातचं जेवायचं. भाषण नाही, पत्रक नाही. भात आणि भाजी. तुला तिखट सोसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायचं आणि तू खात राहायचीस. एकदा मला म्हणालीस, "गाववाल्यांले वाटत असेल, मी दर बुधवारी येऊन रडते." पहिले काही बुधवार समोरची दारं लागून राहिली. मग एक दिवस शेजारची सून तापलेलं पोर घेऊन आली आणि परछीच्या खाली, उन्हात उभी राहिली. वर यायची तिची हिंमत नव्हती. तू जेवण तसंच सोडून तिला अभनपूरच्या दवाखान्यात घेऊन गेलीस. पुढच्या बुधवारी ती सून परछीत चढली आणि दुलारिनशेजारी बसली. त्या दिवशी तू घरी येऊन गाणं म्हणत होतीस. दादानं विचारलं, काय झालं. तू म्हणालीस, "एक बाई दोन पायऱ्या चढली." त्याला काही समजलं नाही, आणि त्यानं पुन्हा विचारलंही नाही.

केस चालली, आणि जशा चालतात तशी संपली. शाळेच्या बाईंची बदली झाली. ज्यांनी पाहिलं होतं त्यांना कोर्टात काही आठवेना. शंकेचा फायदा देऊन जेठ सुटला. मी त्या दिवशी रजा काढून आले होते. पायऱ्यांवर तो आपल्या माणसांसोबत उतरला, तुझ्यासमोर वाकला आणि तुझ्या पायांना हात लावून म्हणाला, "आशीर्वाद दे, दीदी." त्याची माणसं हसली. तुझ्या जागी मी असते तर त्याच्या कानाखाली दिली असती, निदान आज तसं वाटतं. तू त्याच्याकडे वरून पाहिलंस आणि त्याच्याच बोलीत म्हणालीस, "बुधवार के आहूं." बुधवारी येईन. त्याचं हसू तिथेच थांबलं.

घरी येताना तू सिटी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलीस. तुझे खांदे हलत होते. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला नाही. मला वाटलं, तुला आवडणार नाही. आता वाटतं, ठेवायला पाहिजे होता.

आता ते सांगते जे मी तुला सांगितलं नाही.

नितीनच्या बायकोला, पल्लवीला, सातवा महिना होता, तेव्हा दुलारिन पहिल्यांदा आपल्या घरी आली. तिच्या झाडाची बोरं घेऊन आली होती. तू तिला सोफ्यावर बसवलंस. पल्लवी बाहेर आली तशी दुलारिन उठली आणि आशीर्वाद द्यायला तिच्या पोटाकडे हात नेला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मी म्हटलं, "पल्लवी, तुझा फोन आला." फोन आला नव्हता. पल्लवी आत गेली. दुलारिनचा हात तसाच हवेत राहिला, मग तिनं तो पदराला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं.

तू आत आलीस. फोनकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि चहाचं भांडं विसळायला लागलीस. माझ्याशी रोज भांडणारी तू, त्या दिवशी का नाही भांडलीस? चार शब्द सुनावले असतेस तर मी रडले असते, कबूल केलं असतं, कदाचित बदलले असते. तू मला सांभाळून घेतलंस. मला सासरचा मार पडला होता म्हणून तू मला कायम सांभाळूनच घेतलंस. वहिनी, ज्या बाईनं मार खाल्ला तीही दुसऱ्या बाईचा हात हवेत लटकत ठेवू शकते, हे तू त्या दिवशी पाहिलंस आणि भांडं विसळत राहिलीस.

तू गेलीस ती सकाळ. तुला ओसरीत ठेवलं होतं. कॉलनीतली माणसं जमली होती. दुलारिन पहिल्या बसनं आली, सोबत ती शेजारची सून. दोघी फाटकातून आत येऊ लागल्या, तोच पल्लवीच्या आईनं विचारलं, "ती कोण?" कोणीतरी हळूच सांगितलं, "वहिनींच्या टोनहीच्या केसमधली." त्या विहीणबाईंनी पल्लवीच्या दंडाला धरलं. पल्लवीच्या कडेवर पाच महिन्यांचं बाळ होतं. पल्लवी आतल्या खोलीत गेली आणि दार लागल्याचा आवाज मी ऐकला. मग विहीणबाई दादाच्या कानाशी लागल्या.

दादा उठला. डोळे सुजलेले, अंगावर कालचाच सदरा. फाटकापर्यंत चालत गेला आणि दुलारिनसमोर दोन्ही हात जोडले. म्हणाला, "बाई, घर में छोटा बच्चा है. आप यहीं से दर्शन कर लो."

ती म्हणाली, "हव, भैया."

बस एवढंच. वाद नाही, आवाज नाही. ती मागे सरकली, रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीपाशी गेली आणि उकिडवी बसली. दादानं फाटकाला कडी घातली, कुत्रं येऊ नये म्हणून घालतात तशी. मी ओसरीच्या पायरीवर होते, हातात तुळशीचं पाणी. चार पावलं टाकली असती तर फाटक उघडता आलं असतं. मी ते पाणी तुझ्या ओठांना लावलं, आणि मान वर केली नाही. शववाहिका निघाली तेव्हा ती सून रडत होती. दुलारिन रडत नव्हती. तिनं हात जोडले, गाडी वळेपर्यंत जोडलेले ठेवले आणि मग दोघी बसस्टँडकडे चालायला लागल्या. कोणी त्यांना पाणी विचारलं नाही.

तर वहिनी, आपला वाद निकाली लागला. दादाला तिचं दीड एकर नको होतं. विहीणबाईंना तर ते गाव कुठे आहे हेही माहीत नाही. शिकलेली माणसं, पेन्शनीची माणसं, भिंतीवर डिग्र्या टांगलेली माणसं. ती भ्यायली. मी बरोबर होते आणि तू चूक होतीस. हे तुला ओरडून सांगायची माझी किती वर्षांची इच्छा होती, आणि ज्या दिवशी पुरावा मिळाला त्या दिवशी तू ओसरीत नाकात कापूस घालून पडली होतीस. आणि तरीही मला आता तुझ्याच बाजूनं बोलावंसं वाटतं. भ्यायला म्हणून दादाला सोडू? मग टाकीजवळ उभ्या राहिलेल्या त्या पन्नास जणांनाही सोडावं लागेल. मलाही. नाही सोडत. कोणालाच नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी दुलारिनच्या गावाला गेले. मनात ठरवलं होतं की तिला तेरवीला घेऊन यायचं, पहिल्या पंगतीत बसवायचं, दादाला वाढायला लावायचं. परछीत बसून तिला तसं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"मोला उहां बइठार के कोन ला देखाबे, दीदी?" ती म्हणाली. मला तिथे बसवून कोणाला दाखवशील?

दादाच्या तोंडावर मारायला मला काहीतरी हवं होतं, आणि ते म्हणजे ती. तिला हे माझ्याआधी कळलं. ती पुढे म्हणाली, की मंदा दीदी माझ्या घरी जेवायची, मी तिच्या घरी नाही जेवले तर काय बिघडलं. मग विचारलं, "तैं खाबे?"

वहिनी, तुला हे ठाऊक असेलच. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी एकदाही जेवले नव्हते. बुधवारी माझं ऑफिस असायचं. सुट्टीत तुझ्यासोबत आले तर कधी उपास, कधी पित्त, कधी नुसताच चहा, आणि तोही अर्धा. तू मला कधी आग्रह केला नाहीस. तेही भांडं विसळण्यासारखंच.

मी म्हटलं, "वाढ."

तिनं भात वाढला, लाल भाजी वाढली. पहिला घास घेताना मी भ्यायले. पन्नाशी उलटलेली, तुझ्यासोबत इतके मोर्चे चाललेली, टोनहीच्या कायद्याची कलमं स्वतःच्या हातानं टाइप केलेली बाई, मी भ्यायले. घास गिळला. दुसरा गिळला. भाजी फार तिखट होती. अर्धी थाळी झाल्यावर भीती गेली, लाज राहिली.

तेवढ्यात जेठ समोरून जात होता. थांबला. म्हणाला, "ओ दीदी नइ आइस का?"

दुलारिनच बोलली. "ओ दीदी बीत गे. ए ओखर ननंद ए. भात खावत हे." ती दीदी वारली, ही तिची नणंद, जेवते आहे.

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग तिच्याकडे पाहून विचारलं, "त अब कोन आही?" आता कोण येणार? आवाज साधाच होता, हवापाण्याची चौकशी करावी तसा.

"मी येईन," मी म्हटलं. मग हिंदीत पुन्हा म्हटलं, "मैं आऊँगी. हर बुधवार." शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात. मी इतकी चिडलेली होते की दुसरं काही तोंडातून निघालंच नसतं. ऑफिसची नोकरी अजून तीन वर्षं आहे, बुधवारच्या रजा कशा मिळणार हे मला ठाऊक नाही. तेव्हाचं तेव्हा.

घरी आले तेव्हा दादा जेवत होता. पल्लवी वाढत होती. मी हात-पाय न धुता समोर बसले.

"मी दुलारिनकडे गेली होती," मी म्हटलं. "जेवून आली."

त्यानं पेला उचलून पाणी प्यायलं.

"तू तिले फाटकाबाहेर काहून थांबवलं, दादा?"

"मी काय वाईट बोललो? हात जोडूनच सांगितलं."

"तू मानतोस? ती टोनही आहे म्हणून?"

"नाही मानत मी." त्यानं पोळीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "पण लेकरू आहे घरात. उगीच रिस्क काहून घ्यायची?"

"वहिनी त्याच बाईच्या हातचं दर आठवड्याला जेवून याच घरात येत होती. तेव्हा रिस्क नव्हती?"

"तेव्हा ती होती," दादा म्हणाला. एवढं बोलून त्याचा चेहरा एकदम रडवेला झाला. मला त्याची दया आली, आणि आली म्हणून मी अजून चिडले.

पल्लवी पोळीची टोपली धरून उभी होती. तिला आपलं सगळं मराठी समजतं, बोलते मात्र हिंदीच. म्हणाली, "बुआजी, पापा ने अकेले नहीं किया. कमरे की कुंडी तो अंदर से मैंने लगाई थी. मम्मी ने कहा और मैंने लगा दी. सोचा भी नहीं."

या घरात त्या सकाळबद्दल खरं बोललेलं ते पहिलं वाक्य. मग मीही तिला सांगितलं, की तुला सातवा महिना होता तेव्हा कोणताही फोन आला नव्हता.

दादानं ताट सरकवलं. मी त्याला सांगितलं की तेरवी बुधवारी येते आहे, आणि मी त्या दिवशी इथे नसेन.

"लोक विचारतील," तो म्हणाला.

"सांग त्यांले. फाटकावर काय झालं ते आधी सांग, मग मी कुठे गेली ते त्यांचं त्यांले समजेल."

"हे घर तुझंही आहे, शोभा," तो म्हणाला. धमकी होती की विनवणी, मला कळलं नाही. ही खोली मला तू दिली होतीस, त्यानं नाही, हे मी त्याला म्हटलं नाही. पण लक्षात ठेवलं आहे.

त्यानं कोणाला काही सांगितलं नसणार. सांगेल असं वाटतही नाही.

तेरवीच्या दिवशी सकाळी आचारी आले होते, अंगणात भट्टी पेटली होती. मी साडी नेसून निघाले. दादानं अडवलं नाही आणि जा असंही म्हणाला नाही. पल्लवी बाळाला घेऊन दारापर्यंत आली. हळूच विचारलं, "बुआजी, वहाँ जाते हैं तो क्या लेकर जाते हैं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तिथे जाऊन जेवायचं असते."

तिनं मान हलवली. मी तिला चल म्हटलं नाही. तिनंही येते म्हटलं नाही. तू असतीस तर तिला हाताला धरून बाळासकट बसमध्ये बसवलं असतंस, आणि रस्ताभर तिला हसवत नेलं असतंस. माझ्याच्यानं ते होत नाही. मला अजून फार राग आहे, वहिनी. तो घेऊनच मी बसमध्ये चढले.